चार पॉइंट चारशी गद्दारी

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०

नवी वही, नवा निश्चय. आजपासून रोज लिहायचं. माणसांवर विश्वास ठेवायचे दिवस संपले. वही तरी उलटणार नाही.

झालं ते असं. मोजणीबाईंनी राजीनामा दिला. अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मी डिझाइन केलेले अँटेना मोजत होत्या. (मोजणीबाई हे नाव मीच ठेवलं. प्रेमाने. त्यांना आवडतं की नाही हे विचारायचं राहून गेलं.) अकरा वर्षं! आणि राजीनामा दिला तो थेट साहेबांकडे. मला कळलं कॉफीच्या मशीनपाशी, अकाउंटवाल्याकडून. वर तोच म्हणतो, अहो, तुम्हाला माहीत नाही? सगळ्या मजल्यावर शेवटी कळलेला माणूस मी. माझ्यानंतर फक्त जिन्यातल्या कुंडीला कळायचं राहिलं असेल.

आणि जाताहेत कुठे? भिंतीपलीकडच्या कंपनीत, जी आमच्यासारखेच अँटेना करते. याला केसाने गळा कापणं म्हणतात.

निश्चय. एक: बाईंशी कामापुरतंच बोलायचं. दोन: तेही शक्यतो नाही. तीन: चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही.

दुपारी १२.३०

बाईंनी विचारलं, सर, बरं वाटत नाहीये का. चेहरा नीट जमत नाहीये.

४ मार्च, मंगळवार

बायकोला माहीत होतं! पंधरा दिवसांपासून! बाई तिच्याकडे कपडे शिवायला टाकतात. पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं मशीन आहे आणि अख्ख्या गल्लीची गुपितं तिथे मापं देऊन जातात. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. म्हणाली, त्यांनीच सांगू नका म्हटलं होतं, आणि तुम्ही तरी कुठे विचारलंत. म्हणजे मी रोज संध्याकाळी घरी येऊन विचारायचं का, की आज कोण राजीनामा देणार आहे?

फितुरांची यादी आजअखेर: बाई, अकाउंटवाला, बायको.

५ मार्च, बुधवार

चांगली बातमी. साहेबांनी बोलावलं. एका मोठ्या नर्सिंग होमला सहाशे कॉल-बटणं हवी आहेत. खाटेशेजारी बटण, ते दाबलं की कॉरिडॉरच्या टोकाला नर्सच्या पॅनलवर दिवा लागतो. बटणातला अँटेना आमचा, म्हणजे माझा. आधी बारा बटणं ट्रायलवर लावायची. महिनाअखेर ती चालताना दिसली की ऑर्डर पक्की, आणि चीफ डिझायनर हे नवं पद भरणार.

मी विचारलं, पदासाठी आणखी कोण आहे. साहेब म्हणाले, ट्रायल होऊ द्या. विनम्र उत्तर. या इमारतीत डिझायनर एकच आहे हे त्यांनाही माहीत आहे.

नाही चाललं तर? तेही त्यांनी सांगितलं. अँटेना विभाग बंद. ड्रॉइंग बाहेरून करून घेणार, आणि मी केबल विभागात. तिथला माणूस दिवसभर एकच ओळ गुणगुणतो. पण हा प्रश्न उद्भवत नाही.

विशेष म्हणजे ट्रायल ज्या नर्सिंग होममध्ये आहे, तिथेच माझी आत्या राहते. कॉरिडॉरच्या अगदी टोकाच्या खोलीत. तिला फोन करून सांगितलं, आता भाच्याचं बटण तुझ्या उशाशी असणार. म्हणाली, बघू बाबा.

६ मार्च, गुरुवार

चीफ डिझायनर झाल्यावर भाषण करावं लागेल. त्याचं टिपण:

पॅच अँटेना म्हणजे खाली तांब्याचा अख्खा पत्रा, वर तांब्याचा छोटा चौकोन आणि मधे सबस्ट्रेट. सबस्ट्रेट म्हणजे काचेचं कापड राळेत भिजवून, दाबून केलेली हिरवट शीट. जाडी एक पॉइंट सहा मिलिमीटर. लोकांना वाटतं तांबं काम करतं. खरं काम शीटचं. लहर शीटमध्ये शिरते आणि तिची चाल मंदावते. किती मंदावते, ते शीटचा आकडा सांगतो. आकडा मोठा तर लहर हळू, मग चौकोन लहान कापायचा. आकडा लहान तर चौकोन मोठा. शीटने लहर खाल्ली तर पोच तेवढी कमी. बस. यापलीकडे काही नाही.

आमच्या शीटचा आकडा चार पॉइंट चार. त्यावरून चौकोन अठ्ठावीस पॉइंट आठ मिलिमीटर. फ्रीक्वेन्सी दोन पॉइंट पंचेचाळीस गिगाहर्ट्झ. अकरा वर्षांत एकदाही चूक नाही. बाई ग्राफ आणून ठेवायच्या, ग्राफमधला खड्डा (अँटेना नेमका जिथे चालतो ती जागा) बरोबर २.४५ वर असायचा, मी सही करायचो. चार पॉइंट चार मी कॉलेजात पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिकलो आणि त्यानंतर पान उलटायची गरजच पडली नाही.

एकदाच, सात वर्षांपूर्वी, बाई म्हणाल्या होत्या, सर, या लॉटचा आकडा चार पॉइंट सात येतोय. मी शांतपणे पुस्तक उघडून दाखवलं. त्यानंतर त्यांची मोजणी सुधारली. पुन्हा कधी तक्रार आली नाही.

७ मार्च, शुक्रवार

बाईंचा शेवटचा दिवस. मी मौन पाळलं. त्या दोनदा टेबलापाशी आल्या. एकदा म्हणाल्या, सर, नवा लॉट आला आहे, ड्रॉइंग पाठवायच्या आधी एक सांगायचं होतं. मी म्हणालो, बाई, आता मला शिकवू नका. परत गेल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मी फोनवर होतो. फोनवर कोणी नव्हतं, पण ते त्यांना कळायचं कारण नाही.

निरोपाला केक होता. मी खाल्ला नाही. नंतर सगळे गेल्यावर उरलेला खाल्ला.

१० मार्च, सोमवार

मोकळा श्वास! बारा बटणांचं ड्रॉइंग आज थेट माझ्या टेबलावरून कारखान्यात गेलं. एरवी ते बाईंच्या टेबलावरून जायचं, त्या उगाच दोन-दोन दिवस घोळ घालत बसायच्या. आज अकरा मिनिटांत काम फत्ते. चौकोन २८.८. मधे कुणाचं बोट नाही.

यंत्रावर आता मीच मोजणार. अ‍ॅनलायझर चालवायला काय लागतं? बटणं दाबायची.

१३ मार्च, गुरुवार

बोर्ड आले. सुबक. अ‍ॅनलायझर चालू करायचं बटण मागच्या बाजूला आहे, हे कुठेही लिहिलेलं नाही.

दुपारी ३.४०

खड्डा २.३७ वर.

दुपारी ४.१५

दुसरा बोर्ड. २.३७. तिसराही तेच.

निष्कर्ष: यंत्र बिघडलं आहे. आणि कधी बिघडलं? बाई गेल्यावर. मी कुणावर आरोप करत नाही. फक्त तारखा लिहून ठेवतो.

१७ मार्च, सोमवार

नर्सिंग होममध्ये बारा बटणं बसवली. साहेबांनी विचारलं, मोजून झालं ना. मी म्हणालो, अकरा वर्षांचा अनुभव आहे. हे खोटं नाही.

१८ मार्च, मंगळवार

बारापैकी चार बटणं चालतात. पॅनलजवळच्या चार खोल्यांची. म्हणजे डिझाइन बरोबर आहे, आठ खोल्या चुकीच्या आहेत. भिंतींत काहीतरी असणार. हेड नर्सला विचारलं, भिंतींत काय घातलंय. ती म्हणाली, विटा.

आत्या टोकाच्या खोलीत. तिने बटण दाबलं, दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. मग तिने चमच्याने खाटेची लोखंडी दांडी वाजवली आणि नर्स धावत आली. आत्या मला म्हणाली, तुझं बटण चांगलं आहे रे, दाबलं की बोटाला व्यायाम होतो. सगळी नर्समंडळी हसली. रक्ताच्या नात्याकडून ही अपेक्षा नव्हती.

यादीत भर: आत्या.

१९ मार्च, बुधवार

छडा लागला. शीटवाला! त्याने माल बदलला असणार. फोन करून धारेवर धरलं. म्हणालो, तुमच्या शीटचा आकडा चार पॉइंट चार नाही. तो म्हणाला, सर, कधीच नव्हता. राळ कमीजास्त होते, कापडाची वीण बदलते, प्रत्येक लॉटचा वेगळा येतो. गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीवर पहिल्या दिवसापासून छापलंय, चार पॉइंट दोन ते चार पॉइंट आठ. तुमच्या मॅडम तर लॉट पोचला की लगेच फोन करून विचारायच्या.

हात वर करायची ही जुनी पद्धत. आणि बाईंचा उल्लेख लक्षात ठेवण्यासारखा आहे. सप्लायरशी परस्पर फोन! कुठेतरी पाणी मुरतंय.

पाणी मुरतंय! शीट दमटपणा ओढते, हे पुस्तकात तिसऱ्या पानावर आहे. (आज पान उलटलं.) स्टोअरमधली रॅक खिडकीपाशी आहे. शीट ओली झाली, आकडा वाढला, एवढंच आहे हे. बोर्ड वाळवले की झालं.

२० मार्च, गुरुवार

कँटीनच्या ओव्हनमध्ये चार बोर्ड वाळवले. एकशेवीस डिग्री, दोन तास. खड्डा २.३७ वरून २.३८ वर आला! दिशा बरोबर आहे. या हिशेबाने आणखी चौदा तास.

कँटीनवाल्या मावशी म्हणतात, सगळ्या पावाला जळक्या गोंदाचा वास येतोय. त्यांना समजावलं की हे विज्ञान आहे. त्यांनी ओव्हनची पिन काढून खिशात घातली.

घरी जेवताना हा विषय काढला. बायको म्हणाली, प्रत्येक ताग्याचं कापड वेगळं आटतं. म्हणून मी बेतायच्या आधी एक वीतभर तुकडा कापून भिजवते, वाळवते, मग मापं घेते. विषय काय, ही बोलते काय. मी म्हणालो, अगं, हे अँटेना आहेत, पोलकी नाहीत. ती हसली आणि वाढायला लागली.

२१ मार्च, शुक्रवार

हिरव्या शीटचा नाद सोडला. ती जातीचीच बेइमान. आता पांढरी शीट मागवली आहे, टेफ्लॉनच्या जातीची, रडारवाले वापरतात ती. लहर जवळजवळ खातच नाही. चौकोन तोच, २८.८. ड्रॉइंगला हात लावायचा नाही. उत्तम शीट आणि उत्तम ड्रॉइंग एकत्र आल्यावर काय बिशाद!

२५ मार्च, मंगळवार

पांढऱ्या शीटवरचा खड्डा: ३.४२.

तीन पॉइंट बेचाळीस! आधी खाली गेला होता, आता थेट वर पळाला. शीट जितकी खानदानी, तितका दगा मोठा.

पांढऱ्या शीटचा आकडा दोन पॉइंट दोन आहे, असं तिच्या कागदावर लिहिलंय. लिहिलं असेल. मी डिझायनर आहे, कागद वाचत बसणारा कारकून नाही.

एकतीस तारखेला साहेब स्वतः नर्सिंग होमला येणार. सहा दिवस उरले. आज पहिल्यांदा केबल विभागासमोरून जाताना आत डोकावलं. तो माणूस गुणगुणत होता. शेजारची खुर्ची रिकामी आहे.

२६ मार्च, बुधवार. सकाळी ११.००

सापडलं! सगळं सापडलं!

कारखान्याच्या कॉम्प्युटरवर जुनी ड्रॉइंग बघत होतो, गेल्या वर्षीचं चालून गेलेलं ड्रॉइंग तसंच्या तसं पाठवावं म्हणून. उघडलं तर चौकोन २८.८ नाही. २७.९! त्याच्या आधीचं, २८.५. मग २८.१. मग पुन्हा २७.९. मी पाठवलेलं एकही ड्रॉइंग कारखान्यात जसंच्या तसं पोचलेलं नाही. प्रत्येकावर बाईंच्या लॉगिनचा शिक्का. सात वर्षं. एक्केचाळीस ड्रॉइंग. एक्केचाळीस!

आधी संताप आला, मग रडू आल्यासारखं झालं, मग भूक लागली.

माझ्या नाकाखाली, माझी सही असलेल्या कागदांत, माझ्या शेजारी बसून सर-सर करत ही बाई माझी मापं कापत होती. अस्तनीतला निखारा म्हणतात तो हाच.

दुपारी २.००

तक्ता तयार करायला घेतला. तारीख, माझं माप, बाईंचं माप, फरक. फरकाचा रकाना लाल.

बाईंच्या नोंदीत प्रत्येक ड्रॉइंगसमोर आणखी एक आकडा आहे: ४.७, ४.५, ४.६, ४.७. हा कशाचा ते लिहिलेलं नाही. बहुधा त्यांचा काही गुप्त संकेत. तोही रकाना घातला. निळा.

जुन्या फायलीत माझीच तीन पत्रं सापडली. बाईंना डिझायनर करावं का, असं साहेबांनी तीन वेगवेगळ्या वर्षी मला लेखी विचारलं होतं. मी तिन्हीदा लिहिलं होतं, बाई मोजमापात चांगल्या आहेत, डिझाइन हा त्यांचा प्रांत नाही. तेव्हा वाटलं होतं, कशाला त्यांच्या डोक्यावर ओझं. आज कळतं, माझी पारख किती अचूक होती.

२७ मार्च, गुरुवार

पत्र पूर्ण. नऊ पानं आणि तक्ता. विषय: सात वर्षं चाललेली पद्धतशीर ढवळाढवळ. एक प्रत साहेबांना. दुसरी भिंतीपलीकडच्या कंपनीच्या डायरेक्टरना, त्यांनाही कळू दे कुणाला घेतलंय ते. शेवटचं वाक्य चांगलं जमलं: ज्या व्यक्तीने एक्केचाळीस वेळा माझं डिझाइन बदललं, ती उद्या तुमचंही बदलेल.

शिपाई म्हणाला, पलीकडे कुरिअर कशाला, मी देऊन येतो. तीन मिनिटांत गेला आणि आला. आज शांत वाटतंय. सत्य एकदा कागदावर उतरलं की माणूस हलका होतो.

२८ मार्च, शुक्रवार. सकाळी १०.४५

साहेबांनी पत्र वाचलं. फूटपट्टी धरून, ओळीओळीने. मी समोर बसून होतो.

त्यांनी विचारलं, या एक्केचाळीसपैकी गिऱ्हाइकाकडून परत किती आले. मी अभिमानाने म्हणालो, एकही नाही.

त्यांनी विचारलं, बाईंचा हात न लागलेलं ड्रॉइंग कोणतं. मी म्हणालो, आत्ताचं. ट्रायलचं.

त्यांनी विचारलं, त्यातली किती चालतात. मी म्हणालो, चार.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, बसा. मी बसलेलोच होतो.

मग निळ्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, हा संकेत नाही हो. हा शीटचा आकडा आहे. लॉट आला की बाई कोपऱ्यातून तुकडा कापून मोजायच्या आणि त्या मापाने चौकोन बेतायच्या. मी म्हणालो, तुम्हाला कसं माहीत. ते म्हणाले, तुमच्याच तक्त्यावरून. एवढा स्वच्छ तक्ता मी आजवर बघितला नाही.

दुपारी १.००

साहेबांचं निदान चुकीचंही असू शकतं. ते मूळचे मार्केटिंगचे.

दुपारी ३.३०

बाईंच्या २७.९ च्या ड्रॉइंगवर एक बोर्ड करून घेतला. फक्त त्यांचं चुकतंय हे दाखवायला. खड्डा २.४४९.

२९ मार्च, शनिवार. घरी

बायकोला सगळं सांगितलं. आवाज चढला होता माझा. म्हणालो, सात वर्षं मला मूर्ख बनवलं. ती मशीनवर शिवत होती. पाय थांबवला आणि म्हणाली, मला माहीत होतं.

मी विचारलं, काय माहीत होतं.

म्हणाली, सात वर्षांपूर्वीच बाई माझ्याकडे येऊन रडल्या होत्या. विचारत होत्या, सरांना परत सांगू का, की सरळ साहेबांकडे जाऊ. साहेबांकडे गेल्या असत्या तर तुमची नोकरी राहिली नसती. मीच म्हटलं, नका सांगू, त्यांना लागेल, तुम्ही आपलं गुपचूप नीट करत जा. त्यांनी माझ्यासाठी केलं हो ते. आणि दरवर्षी मला वाटायचं, यंदा तरी तुम्ही त्यांच्याबद्दल चांगलं लिहाल.

मी विचारलं, मग आत्ताच का गेल्या. म्हणाली, जानेवारीत साहेबांनी त्यांना तुमची तिन्ही पत्रं दाखवली.

मी उठून बाहेर गेलो. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. रागवायला गेलो होतो, पण कुणावर रागवायचं ते ठरेना. आजवर मी एवढा एकटा कधीच नव्हतो, आणि सगळे जण मात्र इतकी वर्षं माझ्यासाठीच एकत्र होते. फार वाईट वाटलं. दोन वेळा जेवलो नाही.

३० मार्च, रविवार

बाईंना माफीपत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा: तुम्ही मला सांगायला हवं होतं. फाडला. दुसरा मसुदा: तुम्ही मला सांगितलं होतं, पण नीट सांगितलं नव्हतं. फाडला. तिसऱ्या मसुद्यात दोन पानं माझ्याविषयीच झाली. तोही फाडला.

निश्चय: उद्या लिहायचं. छोटं.

३१ मार्च, सोमवार

साहेब नर्सिंग होमला गेले. मला नेलं नाही. सगळी बारा बटणं लागली, असं कळलं. रविवारी साहेबांनी भिंतीपलीकडून बाईंना बोलावून बारा नवे बोर्ड बेतून घेतले होते. बाई सुट्टीच्या दिवशी आल्या, सहा तास बसल्या. माझ्या टेबलावर.

आत्याचा फोन आला. म्हणाली, आता दिवा लागतो हो. मी म्हणालो, ते माझं नाही. म्हणाली, माहीत आहे, नर्सने सांगितलं. मग म्हणाली, तू ये मात्र भेटायला, बटण नसलं तरी चालेल.

२ एप्रिल, बुधवार

भिंतीपलीकडच्या डायरेक्टरांचं उत्तर आलं. माझ्या नावाने. दोनच ओळी. आपण तक्त्यासह इतक्या तपशीलवार पाठवलेल्या माहितीबद्दल आभारी आहोत. एखाद्या उमेदवाराबद्दल एवढं भक्कम शिफारसपत्र आमच्याकडे आजवर आलेलं नाही. त्यानुसार बाईंची नेमणूक चीफ डिझायनर म्हणून करण्यात येत आहे.

चार वेळा वाचलं. कुठे उपहास सापडतो का ते पाहिलं. नाही. मनापासूनच लिहिलंय.

३ एप्रिल, गुरुवार

साहेबांचा निर्णय. सहाशे बटणांची ड्रॉइंग भिंतीपलीकडे होणार, बाई करणार. शीट आमच्या स्टोअरमध्ये येते, तेव्हा लॉटची मोजणी इथेच. त्यासाठी एक माणूस लागेल. केबल विभाग की हे, मी विचारलं. साहेब म्हणाले, तुम्हीच ठरवा. म्हणाले, बाईंना विचारलं होतं, चालेल का. त्या म्हणाल्या, शिकतील.

मोजणी घेतली. गुणगुणणं मला सहन होत नाही, एवढंच कारण.

४ एप्रिल, शुक्रवार

शिपाई मला मोजणीसाहेब म्हणाला. प्रेमाने म्हणाला असेल. विचारलं नाही.

७ एप्रिल, सोमवार. दुपारी ३.२०

सहाशे बटणांच्या शीटचा लॉट आला. कोपऱ्यातून तुकडा कापला. करवत वाकडी गेली, परत कापला. मोजला. ४.७१. भिंतीपलीकडे फोन केला आणि आकडा सांगितला. बाईंनी विचारलं, दोनदा मोजलंत ना. मी म्हणालो, अर्थात.

फोन ठेवला आणि दुसऱ्यांदा मोजलं. ४.५८.

दुपारी ४.१०

पन्नास मिनिटं बसून आहे. यंत्र नीट आहे. यंत्राच्या केबलचा स्क्रू पहिल्यांदा मीच ढिला ठेवला होता. बाई ४.७१ धरून सहाशे चौकोन बेततील. त्यांचं माप कधीच चुकत नाही, म्हणजे चुकेल ते माझ्या आकड्याने चुकेल, आणि नाव त्यांचं जाईल.

दुपारी ४.२५

परत फोन केला. म्हणालो, मघाशी एकदाच मोजलं होतं, तेही स्क्रू ढिला ठेवून. खोटं बोललो.

पलीकडे पेन ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, फोनच ठेवला. मग त्या म्हणाल्या, हरकत नाही. स्क्रू घट्ट करून तिसऱ्यांदा मोजा, सर, आणि येईल तो आकडा सांगा. मी थांबते.

सर म्हणाल्या अजून.

तिसऱ्यांदा मोजायला घेतो.